मॉन्स्टेरा मराठवाड्यात: कुंडी भरण्यापासून फळ खाण्यापर्यंत

मे महिन्यात नर्सरीतून मॉन्स्टेरा, म्हणजे चिरलेल्या-भोकांच्या मोठ्या पानांचा शोभेचा वेल, आणायचा, त्याच संध्याकाळी शेतातली काळी माती आणि शेणखत भरलेल्या मोठ्या कुंडीत लावायचा, उन्हाळा आहे म्हणून रोज तांब्याभर पाणी घालायचं, आणि पोळ्याच्या आत पानं पिवळी पडली की ‘आपल्याकडची हवाच याला मानवत नाही’ म्हणत कुंडी गच्चीवर नेऊन टाकायची. लातूरला आमच्या गल्लीत हे इतक्यांदा घडलंय की मी मोजायचं सोडलं. पहिला बळी माझ्याच घरातला.

हवा आडवी येते हे खरं, पण झाड मरतं ते बहुतेक वेळा मुळाशी तुंबलेल्या पाण्यानं. आणि पाणी तुंबतं ते उलट्या क्रमामुळे. झाड आधी घरात येतं. जागा, माती, आधार हे सगळं मागून सुचतं. खालचे पहिले चार टप्पे झाड आणायच्या आधीचे आहेत. ते झाल्याशिवाय नर्सरीत जाऊ नका.

टप्पा १: जागा ठरवा

हा वेल मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या दमट जंगलातला. तिथे तो मोठ्या झाडाचा बुंधा धरून वर चढतो आणि पानांतून गाळून आलेल्या उजेडावर वाढतो. त्याला उजेड भरपूर लागतो, पण आपलं एप्रिल-मेचं ऊन तासाभरात पानं भाजून काढतं. भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही.

पूर्वेची खिडकी सगळ्यांत चांगली. उत्तरेचा उघडा व्हरांडा चालतो. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तव्यासारखी तापते, तिच्याजवळ कुंडी नको. दक्षिणेला जाळीचा पडदा लावून भागतं.

तपासा: सकाळी अकराच्या सुमारास त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली काळी, कडा रेखीव असतील तर ऊन जास्त आहे. हात ओळखू येतो पण कडा पुसट आहेत, ही जागा योग्य. सावली दिसतच नसेल तर झाड जगेल, पण पानं कधी फाटणार नाहीत आणि फळाचं नाव काढू नका.

वाऱ्याचाही विचार करा. कूलरच्या खोलीतली दमट हवा या झाडाला मानवते, पण कूलरचा झोत थेट पानांवर नको. दूरचा कोपरा द्या. दिवसभर एसी चालणारी खोली कोरडी पडते. थंडीतही जपावं लागतं. आपल्याकडे, विशेषतः परभणीच्या बाजूला, पारा एक आकडी होतो, आणि हे झाड १५ अंशांच्या खाली वाढ थांबवतं. १० अंशांच्या खाली पानं खराब व्हायला लागतात. व्हरांड्यातली कुंडी डिसेंबर-जानेवारीत रात्री आत घ्यायची सोय आहे का, हे आत्ताच बघून ठेवा, कारण मोठी झालेली कुंडी एकट्याला हलत नाही. खाली चाकाचा पाट असेल तर उत्तम.

टप्पा २: माती तयार करा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

काळी माती कापसाला सोनं असेल, कुंडीत ती या झाडाचा गळा दाबते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. फुगल्यावर मुळांना हवा मिळत नाही, भेगाळताना बारीक मुळं तुटतात, आणि वरून घातलेलं पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. कुंडीखाली पाणी आलं म्हणजे माती भिजली, असं आपण समजतो. प्रत्यक्षात गड्डा आत कोरडाच असतो.

मी वापरते ते मिश्रण, मापाला कोणतंही घमेलं घ्या:

४ भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा
२ भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे
२ भाग परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), नाहीतर विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे
१ भाग चाळलेली तांबडी माती
१ भाग गांडूळखत

कोकोपीटची वीट भिजवून लगेच वापरू नका. तिच्यात बऱ्याचदा मीठ असतं. भिजवा, पिळा, पाणी फेका, असं तीनदा. विटेचे तुकडे चाळून धूळ काढा, नाहीतर तीच धूळ तळाला बसून चिखल होते. विटेऐवजी मुरूम घालायचा असेल तर मूठभर मुरमावर व्हिनेगर टाकून बघा. फसफसला तर त्यात चुनखडी आहे, तो नको. आपल्याकडे पाण्यात चुना आधीच कमी नाही.

सावध: ताजं शेणखत अजिबात नको. कुंडीत ते तापतं, मुळं जाळतं आणि वर हुमणीची अंडी घेऊन येतं.

तपासा: मिश्रण कुंडीत भरून मगभर पाणी ओता. पाणी वर तळं करून न थांबता मुरलं आणि मिनिटाभरात खालून ठिबकायला लागलं, तर जमलं. वर साचून राहिलं तर सोडणाचे तुकडे वाढवा.

कुंडी नर्सरीतल्या पिशवीपेक्षा दोन इंचच मोठी घ्या. ‘पुढे वाढणारच आहे’ म्हणून टबात लावलेलं छोटं झाड पुढे वाढत नाही. जिथवर मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि कुज तिथूनच सुरू होते.

टप्पा ३: पाणी कुठलं घालणार?

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस पाहिलेल्या माणसाच्या हातून पाण्याचा थेंब वाया जात नाही. त्यामुळे आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरायचं आणि झाडांना घालायचं, ही आमच्याकडची घरोघरची सवय. सवय चांगली, पण या झाडाला नाही. आरओ जे क्षार गाळून बाजूला काढतं, ते सगळे त्याच पाण्यात असतात. बोअरचं पाणी आधीच जड, त्यातून निघालेलं हे त्याहून जड. फरशी पुसा, संडासात ओता, कुंडीत नको. कूलरच्या टाकीत तळाला उरणारं पाणीही तसलंच: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

पावसाचं पाणी सगळ्यांत चांगलं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, ते जरूर धरा. नळाचं पाणी चालतं. बोअरशिवाय पर्याय नसेल तर त्यात एसीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी निम्मं मिसळा आणि पावसाळ्यात कुंडी दोन-तीनदा सरींत ठेवून मातीतले क्षार धुऊन जाऊ द्या.

तपासा: मातीच्या कुंडीच्या अंगावर पांढरे पोपडे दिसतात का? नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या? उसावरचा केवडा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. अशा वेळी खत वाढवू नका, पाणी बदला.

टप्पा ४: आधाराची काठी आधी आणा

काठी नंतर खुपसली की मुळं तुटतात. म्हणून लावतानाच ती कुंडीत हवी.

बाजारातल्या मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ गुंडाळलेल्या काठ्या, आपल्या कोरड्या हवेत दिवसभरही ओल धरत नाहीत. मी अडीच इंची पीव्हीसी पाइपला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळते. बाभळीचा खडबडीत ओंडकाही छान चालतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. सुतळी घेऊ नका, दोन पावसाळ्यांत कुजून जाते. उंची निदान चार फूट.

टप्पा ५: आता झाड निवडा

जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की जा. मेमध्ये आणलेलं झाड नर्सरीच्या हिरव्या जाळीतून थेट ४२ अंशांत येतं, त्याला सावरायला वेळच मिळत नाही.

आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा हे झाड बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, हा तर फाटका अळू!” मी हसले, पण त्यांचं बरोबर होतं. मॉन्स्टेरा अळू-सुरणाच्याच कुळातला आहे आणि खाजही तशीच. पुढे फळाच्या वेळी हे आठवायचं आहे.

नर्सरीत या नावाखाली चार वेगळी झाडं विकली जातात. आपल्याला हवा तो मॉन्स्टेरा डेलिसिओसा. त्याच्या मोठ्या पानाला कडेपासून आत चिरा असतात, शिवाय मधल्या शिरेलगत बारीक भोकं असतात. जुन्या पानाचा देठ जिथे पानाला मिळतो तिथे वरच्या अंगाला झालरीसारखी घडी असते. फक्त चिरा आहेत, भोकं नाहीत आणि खोड आधाराशिवाय उभं, तर तो बहुधा फिलोडेंड्रॉन. पानं तळहाताएवढी आणि चिरलेली, भोकं नाहीत, तर ‘मिनी मॉन्स्टेरा’ म्हणून विकतात ते रॅफिडोफोरा. कडा अखंड आणि आत नुसती भोकंच भोकं, तर मॉन्स्टेरा अडानसोनी. शोभेला तिन्ही छान. त्यांची फळं मात्र खायची नाहीत.

लहान झाडाची पानं अखंड, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची असतात. त्यात काही कमी नाही, वय झालं की फाटतील. पांढऱ्या पट्ट्यांची महाग जात पहिल्याच वेळी घेऊ नका.

तपासा: पानं उलटून बघा. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. पानामागे बारीक जाळं असेल तर कोळी ही कीड. रुपेरी ओरखडे आणि काळे ठिपके म्हणजे फुलकिडे. यांतलं काहीही असेल तर झाड कितीही देखणं असो, परत ठेवा.

टप्पा ६: कुंडीत लावणं

आणल्या दिवशी लावू नका. पंधरा दिवस दुसऱ्या झाडांपासून लांब, ठरवलेल्या जागी पिशवीतच राहू द्या. या काळात कीड असेल तर बाहेर पडते आणि झाडही घराला रुळतं. मग:

१. आदल्या दिवशी पिशवीत पाणी घाला. कोरडा गड्डा काढताना मुळं तुटतात.

२. हाताला खोबरेल लावा, सुरण चिरताना लावतो तसं. चीक लागला तर खाज येते. डोळ्याला हात लावायचा नाही.

३. खोड नीट बघा. या वेलाला पुढची आणि मागची बाजू असते. पानं एका अंगाला तोंड करतात, हवेतली मुळं उलट अंगाला फुटतात. काठी मुळांच्या अंगाला यायला हवी. ही एक गोष्ट चुकली की झाड आयुष्यभर काठीपासून लांब पळतं आणि आपण दोऱ्या बांधत बसतो.

४. काठी कुंडीच्या तळापर्यंत उभी करा, भोवती तिसरा हिस्सा मिश्रण भरा, मग झाड ठेवा.

५. गड्डा पिशवीत जितका खोल होता तितकाच ठेवा. खोड मातीत पुरलं तर कुजतं.

६. मिश्रण भरून कुंडी दोनदा जमिनीवर आपटा. हातानं दाबून ठोकू नका.

७. खोड काठीला जुन्या सुती साडीच्या पट्टीनं सैल बांधा. खोडच बांधायचं. देठ बांधला तर पान उजेडाकडे वळू शकत नाही.

८. खालून वाहेपर्यंत पाणी घाला, बशीत साचलेलं ओतून द्या.

सावध: लावल्यावर महिनाभर खत नाही. एखादं जुनं पान पिवळं पडेल. घाबरून रोज पाणी घालायला लागाल, तर ते पान खरंच शेवटचं ठरेल.

हवेतली मुळं कापू नका. काठीजवळची काथ्यावर वळवा, लांब लोंबणारी कुंडीतल्या मातीत सोडा.

टप्पा ७: वर्षभराचं पाणी आणि खत

वार ठरवून पाणी घालणं बंद करा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलसर लागलं तर उद्या बघा. मोठ्या कुंडीत उदबत्तीची काडी खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा, माती चिकटून आली तर पाणी नको. माझ्याकडे साधारण असं पडतं: एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात आठवड्यानं, थंडीत दहा-बारा दिवसांनी. पण हा हिशोब माझ्या पूर्वेच्या खिडकीचा आहे. तुमच्याकडे बोट सांगेल तेच खरं.

सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब दिसतो, लोक त्याला ‘झाड खुश आहे’ म्हणतात. अधूनमधून दिसला तर काही नाही. रोज दिसायला लागला तर माती फार ओली आहे.

पानांवर फवारा मारून ओलावा वाढत नाही. मेमध्ये तो पाच मिनिटांत उडतो, आणि जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग ठेवून जातो. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पानं पुसा. आपल्या धुळीत ते लागतंच.

खत जुलै ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च. शेतीचं घर असेल तर १९:१९:१९ चं पोतं कोपऱ्यात असतंच. लिटरला १ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, ओल्या मातीत. ठिबकमधून सोडायचं प्रमाण डोक्यात ठेवून ते कुंडीत ओतू नका. ऐन मेमध्ये आणि थंडीत खत बंद.

कीड दिसली तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, नीट घुसळून संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. शेतातली कीटकनाशकं घरात आणू नका. फळ खायचं असेल तर मुळीच नाही.

टप्पा ८: कलम करायचं असेल तर

पान देठासकट तोडून पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं बहुतेक घरांत दिसतं. ते महिनोन्‌महिने हिरवं राहतं, पण त्याला कोंब कधीच येत नाही. उसाचं बेणं आठवा. डोळा नसलेली कांडी लावली तर काय उगवणार? इथेही तेच: कलमाला पेर, म्हणजे पान फुटतं ती खोडावरची गाठ, आणि पेरावरचा डोळा पाहिजे, जोडीला हवेतलं एक मूळ असलं तर दुधात साखर.

पावसाळ्यातच करा. सुरी स्पिरिटनं पुसून पेराच्या दोन बोटं खाली कापा. कापलेली जागा सावलीत दिवसभर सुकू द्या, मग पेर पाण्यात आणि पान बाहेर अशा बेतानं ठेवा. चार-पाच दिवसांनी पाणी बदला. चार ते सहा आठवड्यांत मुळं बोटभर झाली की वरच्याच मिश्रणात लहान कुंडीत.

टप्पा ९: फळ

आधी खरं सांगून टाकते. खोलीत ठेवलेल्या झाडाला फळ क्वचितच येतं. ज्यांना हवं त्यांनी झाड व्हरांड्यात किंवा परसात मोठ्या झाडाच्या सावलीत, अर्ध्या ड्रममध्ये वाढवायला हवं, आणि तीन-चार वर्षं तरी थांबायची तयारी हवी. माझ्याकडे सहाव्या वर्षी फूल आलं, तेही न्हाणीमागच्या आंब्याखालच्या झाडाला. खिडकीतलं अजून नुसतं पानांवरच आहे.

फूल म्हणजे साईच्या रंगाची होडी आणि तिच्यात उभा दांडा. होडी गळते, दांडा हिरवा होऊन मक्याच्या कणसासारखा जाडावतो. वर षटकोनी खवल्यांचं कवच. त्यानंतर महिनोन्‌महिने काहीही होत नाही. पिकायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लागतं. बहुतेक कणसं याच काळात उत्सुकतेपोटी तोडली जातात.

सावध: कच्च्या फळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. जीभ, ओठ, घसा यांना टोचल्यासारखं होतं, सूज येते. पानं, देठ, खोड यांतही तेच आहे. चिंच घालून किंवा शिजवून खाज मारायची अळूची युक्ती इथे चालवू नका. रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर घरात असेल तर झाड त्यांच्या तोंडाला येणार नाही असं ठेवा. कुणी चावलंच तर तोंड गार पाण्यानं धुवा. सूज वाढली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना.

पिकण्याची खूण वास नाही आणि निव्वळ रंगही नाही. गडद हिरवा रंग फिका, पोपटी-पिवळसर होतो, आणि देठाकडच्या खवल्यांमध्ये बारीक फटी दिसायला लागतात. फटी दिसल्यावरच देठाचा तुकडा ठेवून कणीस कापा. ते देठ खाली करून उंच स्टीलच्या ग्लासात उभं करा, वर कागदी पिशवी घाला, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा. कार्बाइड नको, तांदळाच्या डब्यात पुरणंही नको.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठाकडून खवले आपोआप सुटायला लागतात. खाली पांढरे, साईसारखे गरे. रोज थोडे थोडे खवले गळत टोकाकडे सरकतात, पूर्ण कणीस उघडायला पाचेक दिवस लागतात. नियम एकच: खवला आपणहून पडला असेल तेवढाच भाग खायचा. नखानं उचकटावा लागला तर तो भाग उद्याचा. गऱ्यांमधले काळे कण ब्रशनं झटका किंवा पाण्याखाली धुऊन टाका, तेही टोचतात.

पहिल्यांदा दोनच गरे खा आणि तासभर थांबा. पिकलेलं फळही काहींच्या घशाला लागतं. लहान मुलांना देऊ नका.

आमच्या पहिल्या कणसाच्या वेळी मी पिशवी काढली तेव्हा खालचे चार बोटं खवले ग्लासात पडलेले होते. सासूबाईंनी एक गरा चाखला, थोडं थांबल्या, म्हणाल्या, “अननस म्हणावा तर केळ्यासारखं लागतंय.” आणि दुसरा घ्यायला त्यांनी हात पुढे केला तो थेट वरच्या, अजून मिटलेल्या भागाकडे. मी कणीस पुन्हा ग्लासात उभं केलं आणि पिशवी घातली.